मुतखडा शोधायला गेलो आणि...

काकांनी डॉक्टरांना विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यातनं काही केल्या जात नाहीये. प्रश्न तसा साधाच होता, "हे आम्हाला कळलंच नसतं तर काय झालं असतं?" डॉक्टर तरुण होते, समोरच्या स्क्रीनवर काकांचं पोट, त्याचा एकेक काप खालीवर सरकत होता. त्यांनी माउसवरचा हात काढला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "तुम्ही नव्वदीला पोचून दुसऱ्याच कशानं तरी गेला असतात, असंही झालं असतं. आणि पुढच्या वर्षी पोटात रक्तस्राव होऊन मध्यरात्री इमर्जन्सीला आला असतात, असंही. यातलं कुठलं, ते मला नाही सांगता येणार." काका म्हणाले, "म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच की." आणि दोघंही हसले. मी बाजूला फाइल धरून बसले होते, मला काही हसू आलं नाही, उलट रागच आला, आणि नेमका कोणाचा आला ते अजून ठरवता आलेलं नाही.

मुळात आम्ही गेलो होतो मुतखड्यासाठी. कमरेतनं निघून जांघेपर्यंत जाणारी ती कळ ज्यानं सोसलीय त्याला वेगळं सांगायला नको, काका रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत होते, बसवेना आणि झोपवेना. सकाळी साधा, बिनडायचा, म्हणजे धमन्या उजळवणारं औषध न देता, सीटी केला. मुतखडा सापडला, 4 मिलिमीटरचा, आणि तो पुढे आपला आपणच पडूनही गेला, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं त्याचा विषय तिथंच संपला. पण रिपोर्टमध्ये मुतखड्याच्या खाली, जिथं बहुतेक जण वाचायचं थांबतात तिथं, आणखी काहीतरी होतं. लिव्हरकडे जाणाऱ्या धमनीच्या जागी एक गोल सावली, कडेनं कॅल्शियमची बारीक रेघ, डाय देऊन पुन्हा सीटी करावा असा सल्ला. काकूनं ते वाचलं आणि मला फोन केला. "तू वाच गं एकदा, मला वाटतं दुसऱ्याच कुणाचं तरी यात आलंय."

दुसऱ्या कुणाचं नव्हतं. डायचा सीटी झाला. त्याचं वर्णन काका इतक्या रंगवून करतात की आता घरातल्या सगळ्यांना ते पाठ आहे. थंडगार खोली, डोक्यावर हात घेऊन उताणं पडायचं, मशीन आपल्या आवाजात सांगणार श्वास घ्या, रोखा, आणि मग हातातल्या सुईतनं डाय आत जातो तेव्हा आधी घशाशी ऊब येते, तोंडात धातूची चव, मग ती ऊब सरसर खाली उतरते आणि क्षणभर माणसाला खात्रीच पटते की झाली, इथंच झाली, कपड्यांत. तसं काही झालेलं नसतं. डाय सोडल्यावर 25-30 सेकंदांत धमन्या उजळतात आणि तेवढ्यात मशीन त्यांचे फोटो काढून मोकळं होतं. काकांच्या आयुष्याची पुढची दिशा ठरवणारी गोष्ट तेवढ्या वेळात झाली, आणि त्या वेळात ते कपडे ओले झाले का याचाच विचार करत होते.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलं. महाधमनीतनं पुढच्या बाजूला एक आखूड जाड धमनी निघते आणि लगेच तिच्या तीन शाखा होतात, एक जठराला, एक प्लीहेला, एक लिव्हरला. लिव्हरकडे जाणारी शाखा साधारण 4 ते 6 मिलिमीटर रुंद असते. काकांची सुरुवातीला तशीच होती, मग मध्येच गोल होऊन 18 मिलिमीटरची झाली होती, आणि पुढे परत नेहमीची. धमनी मूळ रुंदीच्या दीडपटीच्या वर फुगली की तिला ॲन्युरिझम म्हणतात, म्हणजे या हिशोबानं काकांचं प्रकरण सीमारेषेवरचं वगैरे अजिबात नव्हतं. "सायकलची ट्यूब एका जागी पातळ झाली की तिथं फुगवटा येतो ना, तसं," डॉक्टर म्हणाले. आता डॉक्टर लोकांनी उपमा देणं बंद करावं असं माझं प्रामाणिक मत आहे. कारण बाकी सगळं आम्ही घरी येईपर्यंत विसरलो, तेवढी ट्यूब लक्षात राहिली, आणि ट्यूब फुटते तेव्हा आवाज होतो हेही. काकू त्या आठवड्यात भांडं पडलं तरी दचकायची.

खरं तर धमनीची भिंत थरांची असते, त्यात स्नायू असतात, ताणून परत मूळ मापाला येणारे तंतू असतात, आणि वयानं, ब्लडप्रेशरनं, भिंतीत साठलेल्या चरबीनं ते तंतू हळूहळू झिजतात. कुठं थोडीशी रुंदी वाढली की त्या जागी भिंतीवरचा ताण वाढतो, रक्ताचा दाब तोच असला तरी. लाप्लासचा नियम म्हणतात त्याला, शाळेत कधीतरी फिजिक्समध्ये झाला असणार. ताण वाढला की भिंत आणखी पातळ, ती पातळ झाली की आणखी रुंद. म्हणजे फुगवटाच पुढच्या फुगवट्याची सोय करून ठेवतो. आणि हे सगळं चालू असताना माणसाला काही म्हणजे काही होत नाही. दुखत नाही, भूक लागते, झोप लागते, जिने चढता येतात. काका मुतखड्याच्या आदल्या दिवशी पाण्याची मोटर स्वतः उचलून जिन्यावरनं खाली घेऊन आले होते.

मग आकडा आला. दोन सेंटिमीटर.

लिव्हरच्या धमनीचा फुगवटा त्रास देत नसेल तर दोन सेंटिमीटरपर्यंत साधारण लक्ष ठेवायचं, त्याच्या वर गेला किंवा वर्षात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढला की उपचार करायचे. पोटात दुखत असेल, तर मापाकडे बघायचं नाही. आणि भिंत फाटून बाहेरच्या बाजूला रक्ताची पिशवी झालेला खोटा फुगवटा असेल, जो अपघातानंतर किंवा लिव्हरच्या बायोप्सीनंतर किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर होऊ शकतो, तर तो केवढाही छोटा असो, थांबायचं नाही. काकांचा खरा होता, तिन्ही थर असलेला, न दुखणारा, आणि 1.8. सहा महिन्यांनी परत या, तोवर ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, चाला-फिरा, सिगारेट ओढत असाल तर सोडा. काकांनी सिगारेट कधीच ओढली नव्हती, त्यामुळे सोडण्यासारखंही काही नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्यांना जास्त लागलं. माणसाला अशा वेळी काहीतरी सोडायला हवं असतं.

ते सहा महिने विचित्र गेले. काकांच्या शरीरात आदल्या दिवसापेक्षा वेगळं काहीच झालेलं नव्हतं, कदाचित तो फुगवटा तिथं कित्येक वर्षं असेल, कॅल्शियमची रेघ तेच सांगत होती. तरी घर बदललं. काकू त्यांना बादली उचलू देईना. काका शिंकले की सगळे थांबून त्यांच्याकडे बघायचे. फॅमिली ग्रुपवर कुणी तरी रोज काहीतरी पाठवायचं, लिव्हर साफ करण्याचे उपाय, ज्यांचा धमनीशी काडीचाही संबंध नाही. कारण लिव्हर ऐकलं की लोकांना दारू आठवते, आणि कधीही न पिणाऱ्या काकांना हे सगळ्यांना परत परत सांगायला लागायचं की लिव्हर ठणठणीत आहे, त्याच्याकडे जाणारी नस फुगलीय. "नस म्हणजे कुठली?" "लिव्हरची." "मग लिव्हरचंच की!" शेवटी त्यांनी सांगणं सोडलं. काकूचं म्हणणं, कळलं ते देवाचीच कृपा. काकांचं म्हणणं, देवानं एवढं कळवायचंच होतं तर बरं करून कळवायचं. मला दोघांचंही पटायचं, म्हणजे सकाळी काकूचं आणि रात्री काकांचं.

रात्री मी वाचत बसायचे. वाचू नये हे माहीत असूनही. पोटातल्या अवयवांच्या धमन्यांना येणाऱ्या फुगवट्यांत प्लीहेच्या धमनीचा पहिला नंबर, साधारण 60 टक्के, लिव्हरचा दुसरा, 20 टक्क्यांच्या आसपास. प्लीहेचा बायकांत जास्त, लिव्हरचा पुरुषांत, आणि तोही साठीच्या आगेमागे, म्हणजे काका अगदी नियमात बसत होते. फुटला तर रक्त पोटाच्या पोकळीत जातं किंवा पित्ताच्या नळीत. पित्ताच्या नळीत गेलं तर गुठळ्या अडकून कळा येतात, पित्त तुंबून कावीळ होते, आणि रक्त आतड्यात उतरून शौच काळी होते किंवा रक्ताची उलटी. दुखणं, कावीळ, रक्तस्राव, ही तिन्ही लक्षणं 1871 मध्ये क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरनं एकत्र मांडली, अजून त्याच्याच नावानं ओळखली जातात. (पाठीच्या मणक्यातनं सुईनं पाणी काढायची पद्धत आणणारा तो हाच, 1891 ची गोष्ट.) पण तिन्ही एकदम दिसणारे पेशंट निम्म्याहून बरेच कमी. आणि फुटल्यावर हॉस्पिटलात पोचलेल्यांतही मरणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर जातं. हे वाचून लॅपटॉप बंद करायचा, आणि पाच मिनिटांनी परत उघडायचा.

मला त्या जुन्या काळाबद्दल राहून राहून वाटायचं. यकृतातनं पित्तमार्गात होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल ग्लिसन या इंग्रज डॉक्टरनं 1654 मध्ये लिहून ठेवलंय, पण तेव्हा बघायचं कशानं? पोट उघडल्याशिवाय काही दिसायचं नाही, आणि पोट उघडायचे ते बहुतेक माणूस गेल्यावरच. 1903 मध्ये हान्स केर या सर्जननं असा फुगवटा असलेली धमनी जिवंत माणसात बांधली आणि तो माणूस वाचला. पोट उघडताना आत नक्की काय सापडणार हे दाखवणारा एकही फोटो हाताशी नाही, रक्त चढवायची धड सोय नाही, ॲंटिबायोटिक तर नाहीच नाही. त्या काळात या फुगवट्यांमागे इन्फेक्शन हे मोठं कारण असायचं, हृदयाच्या झडपेवरचे जंतू रक्तातनं वाहत येऊन धमनीच्या भिंतीत बसायचे. ॲंटिबायोटिक आली आणि ते कारण मागे पडलं. मग लिव्हरमध्ये सुया आणि नळ्या घालायचं प्रमाण वाढलं आणि त्यातनं होणारे खोटे फुगवटे वाढले. आणि सीटी सगळीकडे झाला तसे काकांसारखे, दुसरंच काही शोधताना सापडलेले. वैद्यकानं एक कारण पुसलं आणि दुसरं आपल्या हातानं लिहिलं, हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "माझं कुठल्या हातचं?" मी म्हटलं, तुमचं वयाचं. "मग ठीक आहे."

सहा महिन्यांनी 2.3.

डॉक्टरांनी मापाची रेघ आमच्यासमोर परत ओढून दाखवली. नियमाप्रमाणे आता दोन्ही बाजूंनी वेळ आली होती, दोनच्या वर गेलेला आणि सहा महिन्यांतच अर्धा सेंटिमीटर वाढलेलाही. मला वाटलं होतं मी घाबरेन, पण खरं सांगायचं तर हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, कारण उपचार माझ्यावर होणार नव्हते.

इथनं पुढचं मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं. डॉक्टर म्हणाले, धमनी बंद करून टाकू. काकूनं माझा हात धरला. लिव्हरची धमनी बंद म्हणजे लिव्हर बंद, असंच कुणालाही वाटणार. पण लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. दर मिनिटाला साधारण दीड लिटर, हृदयातनं निघणाऱ्या एकूण रक्ताचा चौथा हिस्सा, आणि त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश धमनीतनं नाही तर पोर्टल व्हेनमधनं येतं, आतड्यांतनं फिरून आलेलं, अन्नरस घेतलेलं. धमनीचा वाटा फक्त पाव. पण धमनीचं रक्त ताजं असल्यानं ऑक्सिजनच्या बाबतीत दोघींचा वाटा निम्मानिम्मा. पोर्टल व्हेनमधलं रक्त कमी झालं तर धमनी रुंद होऊन ती तूट भरून काढायला बघते, उलट मात्र होत नाही, धमनी कमी पडली तर पोर्टल व्हेन काही आपला प्रवाह वाढवत नाही. घरात अशी एक व्यक्ती असतेच, सगळ्यांचं सांभाळून घेणारी, आणि तिचं सांभाळायची वेळ आली की बाकीचे आपापल्या गतीनं चालू. असो. त्यामुळे आधी पोर्टल व्हेन नीट वाहतेय ना हे बघून घेतलं. वाहत होती.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे जागा. काकांचा फुगवटा धमनीच्या सुरुवातीच्या भागात होता. त्याच्या पुढे तिच्यातनं एक शाखा खाली उतरते, जठराच्या आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याभोवतीच्या बारीक धमन्यांच्या जाळ्यातनं ती आतड्याच्या मुख्य धमनीला जाऊन मिळते. एरवी तिच्यात रक्त वरनं खाली जातं. वरची वाट बंद केली की तेच रक्त खालनं वर यायला लागतं, त्या शाखेतनं उलटं चढून लिव्हरला पोचतं. फुगवटा त्या शाखेच्या पलीकडे असता तर हे एवढं सोपं नव्हतं, मग धमनी चालू ठेवून आत कव्हर असलेला स्टेंट बसवायचा किंवा पोट उघडून पायाची शीर जोडून बायपास. त्यात प्रत्येकाचा नकाशा वेगळा. मिशेल्स या शरीररचनातज्ज्ञानं 200 देहांचं विच्छेदन करून लिव्हरच्या धमन्यांचे दहा प्रकार मांडले होते, आणि पुस्तकातल्या चित्रासारखी रचना त्याला निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांत सापडली. बाकीच्यांत कुणाची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतनं निघते, कुणाची डावी जठराच्या. सगळे चालतात, फिरतात, कुणाला पत्ता नसतो. काका पुस्तकातले निघाले. "आयुष्यात पहिल्यांदाच," काकू म्हणाली.

प्रोसिजरच्या दिवशी काका जागेच होते, फक्त जांघेत भूल. सुई धमनीत, सुईतनं तार, सुई काढून घ्यायची, तारेवरनं नळी सरकवायची. ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरची, 1953 ची, तेव्हा तो तिशीतच होता, आणि आज रक्तवाहिनीत नळी घालायची म्हटलं की बहुतेक हीच वापरतात. काका सांगतात की त्यांना आत काहीच कळलं नाही, धमनीला आतनं स्पर्शाची जाणीव नसते, फक्त डाय सोडला की पोटात ऊब. आधी आतड्याच्या धमनीत डाय सोडून बघितलं की उलटी वाट खरंच लिव्हरपर्यंत पोचतेय का. पोचत होती. मग प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, आधी फुगवट्याच्या पलीकडच्या तोंडाला, मग अलीकडच्या. एकच तोंड बंद केलं तर दुसऱ्या बाजूनं उलटं रक्त येऊन फुगवटा भरलेलाच राहतो, म्हणून दोन्ही. कॉइलला बारीक धागे असतात, त्यांच्यावर रक्त गोठतं आणि वाट बंद होते. शिशाचे एप्रन घातलेली माणसं, कुणीतरी सारखं म्हणतंय श्वास रोखा, सोडा, रोखा. आम्ही बाहेर. काकू दरवाजाकडे बघत होती आणि मी फोनकडे, आणि दोघींनाही त्यातलं काही दिसत नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी व्हिडिओ दाखवला. पहिल्या फिल्ममध्ये डाय काळा होऊन येतो आणि त्या गोळ्यात शिरून गोल गोल फिरत रेंगाळतो, बाहेर पडायला वेळ घेतो. ते रेंगाळणं बघून मला पहिल्यांदा त्या गोष्टीची खरी भीती वाटली, सहा महिने जी नुसता आकडा होती. शेवटच्या फिल्ममध्ये तिथं कॉइलचा गुंता आणि बाकी काही नाही, आणि डाय खालनं येतोय, स्वादुपिंडाशेजारनं, बारीक वाटांनी, थोडा उशिरा, पण लिव्हरच्या दोन्ही बाजू भरतायत. मी तो भाग परत लावायला सांगितला. इतकी वर्षं वरनं खाली वाहिलेलं रक्त, कुणी काही न शिकवता, काही मिनिटांत खालनं वर. त्या बारीक वाटा काकांच्या जन्मापासून तिथं होत्या, आणि आम्ही सहा महिने फक्त फुगवट्याबद्दल बोलत होतो.

दोन-तीन दिवस बारीक ताप, कुशीत दुखणं, लिव्हरच्या रक्ततपासणीत आकडे थोडे चढले आणि उतरले. पाय सरळ ठेवून पडून राहायला लागलं त्याचीच काकांची तक्रार सगळ्यात मोठी. दुसऱ्या कुठल्या धमनीत असं काही आहे का तेही एकदा बघून घेतलं, कारण एकाला असेल तर दुसरीकडेही असू शकतं, पण नव्हतं.

चुलतभाऊ आता मागे लागलाय की सगळ्यांनी पोटाचा सीटी करून घ्यायचा. डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले, भिंतीचे तंतूच जन्मतः कमकुवत असणारे काही आजार घराण्यात चालतात त्यांची गोष्ट वेगळी, काकांचं तसं नाही. तरी तो म्हणतो, काकांनाही कुणी सांगितलं नव्हतं. यावर उत्तर नाही माझ्याकडे. मी सीटी केलेला नाही, आणि यात शहाणपण किती आणि भीती किती ते मला सांगता येणार नाही. ते सहा महिने मी बघितलेत, ते कुणी मला मुद्दाम मागून घ्यायला सांगितलं तर मी घेणार नाही, एवढं आज वाटतं. मुतखडा झाला तर बघू.

काका परत बादल्या उचलतात. रिपोर्ट आला की ते बघतही नाहीत, ते काम काकूचं. वरनं खालपर्यंत वाचते, जिथं बाकीचे थांबतात त्याच्या पुढेही. परवा तिचा फोन आला. कॉइल जागेवर, फुगवटा बंद, लिव्हर नॉर्मल, सगळं छान. "पण खाली लिहिलंय डाव्या किडनीत साधी सिस्ट, आता हे काय नवीन?" डॉक्टर म्हणाले, या वयात खूप लोकांना असते, सोडून द्या. काकांनी लगेच सोडून दिली. काकूनं तिचं माप वहीत लिहून ठेवलंय.